स्टोरेज पूलचा बॅकअप: नव्याने टीएसएम हाती आलेल्यांसाठी पायऱ्या, क्रम आणि सापळे

बॅकअप सर्व्हर नव्याने सांभाळायला मिळाला की सकाळी सगळ्यात आधी नजर जाते ती क्लायंट शेड्यूलच्या यादीवर. सगळं ‘कम्प्लीटेड’ दिसलं की जीव भांड्यात पडतो. पण त्या यादीचा अर्थ इतकाच की क्लायंटचा डेटा बॅकअप सर्व्हरच्या डिस्कवर किंवा टेपवर येऊन पोचला. तिथे त्याची एकच प्रत आहे. ती टेप वाचता आली नाही किंवा सर्व्हर रूममध्ये पाणी शिरलं तर दुसरी प्रत कुठून आणणार, याचं उत्तर त्या यादीत नसतं. ते स्टोरेज पूलच्या, म्हणजे सर्व्हरने डेटा साठवायला केलेल्या डिस्क-टेपांच्या गटांच्या, बॅकअपमध्ये असतं.

हा लेख आयबीएमच्या स्टोरेज प्रोटेक्ट या बॅकअप सॉफ्टवेअरबद्दल आहे. नावांचा घोळ आधीच सांगून टाकतो, कारण जुने कागद वाचताना गोंधळ होतो. १९९३ साली हे एडीएसएम म्हणून आलं, १९९९ मध्ये टिवोली स्टोरेज मॅनेजर म्हणजे टीएसएम झालं, २०१५ मध्ये स्पेक्ट्रम प्रोटेक्ट आणि २०२३ मध्ये स्टोरेज प्रोटेक्ट. नाव बदललं तरी आज्ञा बहुतांशी त्याच राहिल्या. काम करणारी माणसं अजून टीएसएमच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या. ‘एसटीजीपूल’ दिसेल तिथे एस, टी, जी ही तीन अक्षरं आणि त्यांना जोडून पूल. अडलात तर प्रशासकीय क्लायंटमध्ये ‘हेल्प’ आणि पुढे आज्ञेचं नाव टाका, सगळे पर्याय समोर येतात.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- सर्व्हरवर प्रशासकाचं खातं. त्याला सिस्टिम अधिकार हवा, नुसता ऑपरेटर अधिकार पुरत नाही.
- डीएसएमएडीएमसी, म्हणजे कमांड लाइनचा प्रशासकीय क्लायंट. ऑपरेशन्स सेंटर हा ब्राउझरमधला पर्याय दिसायला छान आहे, पण शिकायचं असेल तर कमांड लाइनवरच शिका.
- टेप लायब्ररीचं नाव, ड्राइव्ह किती, त्यातले चालू किती आणि स्क्रॅच टेप, म्हणजे कुठल्याही पूलला देता येणाऱ्या रिकाम्या टेप, किती शिल्लक.
- डिव्हाइस क्लासची, म्हणजे साठवणुकीच्या उपकरणांच्या प्रकारांची, यादी आणि प्रत्येकाची माउंट लिमिट, म्हणजे एका वेळी किती टेप लावता येतील तो आकडा.
- डेटाबेसचे बॅकअप किती दिवस ठेवायचे याचा संस्थेचा निर्णय, लेखी. हा आकडा पुढे दोन ठिकाणी लागणार आहे आणि तो तुम्ही मनाने ठरवायचा नाही.
- टेप बाहेर ठेवायच्या असतील तर ती जागा, नेणारा माणूस आणि नेण्याचे वार.

१. पूल कोणत्या प्रकारचे आहेत ते आधी पाहा

‘क्वेरी एसटीजीपूल’ चालवा आणि आलेली यादी कागदावर उतरवा. खरोखर कागदावर, पुढच्या सगळ्या पायऱ्यांत ती लागेल.

प्रायमरी पूल म्हणजे जिथे क्लायंटचा डेटा येऊन पडतो तो. त्याचा डिव्हाइस क्लास ‘डिस्क’ असेल, ‘फाइल’ असेल किंवा टेपचा असेल. कॉपी पूल म्हणजे प्रायमरीतल्या फाइलींच्या दुसऱ्या प्रतींचा पूल. यात क्लायंट थेट काही लिहीत नाही. तिसरा प्रकार ॲक्टिव्ह डेटा पूल, त्यात फक्त फाइलींच्या चालू आवृत्त्या असतात. लवकर रिस्टोर करायला तो चांगला, पण जुन्या आवृत्त्या त्यात नसल्याने कॉपी पूलची जागा तो घेऊ शकत नाही.

चौथा प्रकार डिरेक्टरी कंटेनर पूल. हा २०१५ मध्ये ७.१.३ आवृत्तीबरोबर आला. तुमच्या यादीत हा असेल तर इथेच सावध व्हा: ‘बॅकअप एसटीजीपूल’ ही आज्ञा कंटेनर पूलवर चालतच नाही. त्याचा मार्ग वेगळा आहे, तो शेवटी दिला आहे. जुन्या सर्व्हरवर शिकलेला माणूस नव्या सर्व्हरवर हीच आज्ञा देऊन बघतो आणि अर्धा दिवस अधिकार तपासण्यात घालवतो. अधिकारांचा त्यात काही दोष नसतो.

२. कशाकशाची प्रत घ्यायची ते ठरवा

सोपा नियम: क्लायंटचा डेटा जिथे जिथे उतरतो तो प्रत्येक प्रायमरी पूल, आणि तिथून पुढे जिथे सरकतो तोही.

डेटा कुठे उतरतो हे पूलच्या नावावरून ओळखू नका. ‘क्वेरी कॉपीग्रुप’ चालवून डेस्टिनेशनचा रकाना बघा. मग तीच आज्ञा ‘टाइप=आर्काइव्ह’ लावून पुन्हा चालवा. आर्काइव्हचा पूल बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो आणि प्रतींच्या यादीतून नेमका तोच सुटतो. वर्षानुवर्षं ठेवायची कागदपत्रं त्याच पूलमध्ये पडलेली असतात.

दुसरी गफलत डिस्क आणि टेपच्या साखळीत होते. समजा डेटा आधी डिस्क पूलमध्ये येतो आणि नंतर मायग्रेशनने टेप पूलमध्ये जातो. डिस्क पूलची प्रत रोज घेतली की झालं, असं वाटतं. झालेलं नसतं. डिस्क पूलला मॅक्ससाइझची मर्यादा असेल तर तिच्यापेक्षा मोठी फाइल डिस्कवर न थांबता थेट पुढच्या पूलमध्ये जाते. शिवाय पूल रात्रीच भरत आला आणि हायमिगचा उंबरठा ओलांडला (तो न बदलल्यास ९० टक्के असतो) तर मायग्रेशन आपोआप सुरू होतं आणि प्रत न निघालेला डेटा टेपवर सरकतो. म्हणून डिस्क पूल आधी आणि टेप पूल त्याच्या पाठोपाठ, असे दोन्ही घ्यायचे. दुसऱ्या आज्ञेला बहुतेक वेळा फारसं काम उरत नाही, पण ज्या दिवशी उरतं त्या दिवशी ती नसेल तर कळतही नाही.

आणि या दोन्हींची प्रत एकाच कॉपी पूलमध्ये जाऊ द्या. साखळीतल्या दोन पूलसाठी दोन कॉपी पूल केलेत तर डिस्कवर असताना पहिल्यात प्रत गेलेली फाइल टेपवर सरकल्यावर दुसऱ्यातही जाईल. टेप विनाकारण दुप्पट.

३. कॉपी पूल तयार करा

‘डिफाइन एसटीजीपूल कॉपीपूल एलटीओक्लास पूलटाइप=कॉपी मॅक्सस्क्रॅच=५० रीयूजडिले=७’

कॉपीपूल आणि एलटीओक्लास ही उदाहरणाची नावं, तुमची तुम्ही घाला. कॉपी पूल सिक्वेन्शियल डिव्हाइस क्लासवरच होतो, म्हणजे टेप किंवा ‘फाइल’. ‘डिस्क’ क्लास चालत नाही.

मॅक्सस्क्रॅच म्हणजे हा पूल एकूण किती स्क्रॅच टेप घेऊ शकतो तो आकडा. लायब्ररीत पंचवीस स्क्रॅच पडून आहेत आणि तरी बॅकअप टेप मिळत नाही म्हणून थांबतो, असं झालं तर बहुधा ही मर्यादा गाठलेली असते. बाहेर ठेवलेल्या टेपही या आकड्यात मोजल्या जातात, त्यामुळे तो सढळ हाताने द्या.

रीयूजडिले म्हणजे रिकामी झालेली टेप पुन्हा वापरण्याआधी थांबायचे दिवस; तो न दिल्यास शून्य धरला जातो. तो शून्य ठेवू नका. कारण सातव्या पायरीत सविस्तर आहे, तोवर फक्त लक्षात असू द्या.

कोलोकेशन कॉपी पूलला सुरुवातीला नकोच. एकेका क्लायंटचा डेटा वेगळ्या टेपवर ठेवण्याने रिस्टोर जलद होतं हे खरं, पण अर्धवट भरलेल्या टेपांची रांग लागते आणि त्या तशाच बाहेर जातात.

४. आधी प्रिव्ह्यू

‘बॅकअप एसटीजीपूल डिस्कपूल कॉपीपूल प्रिव्ह्यू=यस’

यात डेटा हलत नाही. किती फाइली आणि किती बाइट कॉपी व्हायचे आहेत आणि कोणते व्हॉल्यूम (पूलमधली एकेक टेप किंवा साठवण फाइल) लागतील एवढंच कळतं. मूळ पूल टेपवर असेल आणि नुसती टेपांची यादी हवी असेल तर ‘प्रिव्ह्यू=व्हॉल्यूम्सओन्ली’.

आलेल्या बाइटांवरून वेळेचा अंदाज काढा. एलटीओ-८ टेपचा कॉम्प्रेशनशिवायचा कमाल वेग सेकंदाला ३६० मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे १.३ टेराबाइट. पाच टेराबाइट असतील तर एका ड्राइव्हवर जवळपास चार तास, तेही समोरची डिस्क त्या वेगाने डेटा पुरवू शकली तर. बहुतेक ठिकाणी अडखळते ती डिस्क, टेप नव्हे. ड्राइव्ह वाढवूनही वेग वाढत नसेल तर तिकडे बघा.

पहिल्यांदा प्रत घेताना सगळा साठलेला डेटा जायचा असतो, त्यामुळे तो आकडा बघून घाबरू नका. त्यानंतर रोज फक्त कॉपी पूलमध्ये नसलेल्या फाइली जातात.

५. प्रत्यक्ष बॅकअप

‘बॅकअप एसटीजीपूल डिस्कपूल कॉपीपूल मॅक्सप्रोसेस=२’

मॅक्सप्रोसेस न दिल्यास एकच प्रोसेस चालते. किती द्यायची हे ड्राइव्हवरून ठरतं. डिस्कवरून टेपवर जाताना प्रत्येक प्रोसेसला एक ड्राइव्ह लागतो. टेपवरून टेपवर जाताना दोन लागतात, एक वाचायला आणि एक लिहायला. चार ड्राइव्हच्या लायब्ररीत टेप पूलसाठी मॅक्सप्रोसेस दोनच्या वर नेण्यात अर्थ नाही, आणि दोन दिलंत तर त्या वेळात कुणाला तातडीचं रिस्टोर हवं असल्यास ड्राइव्ह उरत नाही. अशा वेळी रिस्टोरला प्राधान्य मिळतं आणि सर्व्हर तुमच्या बॅकअपची प्रोसेस मध्येच थांबवू शकतो. त्यात बिघडत काही नाही. जेवढ्या फाइलींची प्रत झाली तेवढी टिकते. तीच आज्ञा पुन्हा दिली की उरलेल्यांपासून काम पुढे चालू होतं. ‘कॅन्सल प्रोसेस’ने तुम्ही स्वतः थांबवलंत तरी असंच.

चाललंय काय ते ‘क्वेरी प्रोसेस’ने बघा. टेप बसायची वाट बघत असेल तर तिथेच दिसतं.

६. निकाल नीट वाचा

प्रोसेस यादीतून गेली म्हणजे यशस्वी झाली असं नाही. ‘क्वेरी एक्टलॉग’ काढा आणि एएनआर१२१४आय हा संदेश शोधा. त्यात चार आकडे असतात: किती फाइलींची प्रत झाली, किती बाइट, न वाचता आलेल्या फाइली किती आणि त्यांचे बाइट किती. सगळे पहिल्या दोनांवर खूष होतात. बघायचे ते शेवटचे दोन.

न वाचता आलेली एकही फाइल असली तर मूळ प्रायमरी व्हॉल्यूमला काहीतरी झालं आहे. ‘क्वेरी कंटेंट’ आणि व्हॉल्यूमचं नाव, पुढे ‘डॅमेज्ड=यस’, म्हणजे कोणत्या फाइली खराब म्हणून नोंदल्या गेल्या ते कळेल. काही वेळा ड्राइव्ह घाण झालेला असतो, साफ करून दुसऱ्या ड्राइव्हवर तीच टेप वाचली जाते. म्हणून लगेच टेपला दोष देऊ नका.

एएनआर१४०५डब्ल्यू दिसला तर स्क्रॅच टेप मिळाली नाही. लायब्ररीत टेप घालून ‘लेबल लिबव्हॉल्यूम’ किंवा ‘चेकइन लिबव्हॉल्यूम’ करा, किंवा मॅक्सस्क्रॅच वाढवा, आणि आज्ञा पुन्हा द्या.

खात्री करण्याचा माझ्या मते सगळ्यात सरळ उपाय म्हणजे काम संपल्यावर पुन्हा प्रिव्ह्यू चालवणं. शून्य फाइली उरल्या असं आलं की प्रश्न मिटला. काही जण ‘क्वेरी ऑक्युपन्सी’तले प्रायमरी आणि कॉपीचे आकडे जुळवत बसतात, दोन पूलमधली जागा तंतोतंत जुळेलच असं नाही, त्यामुळे त्यातून नको त्या शंका निघतात.

७. लगेच डेटाबेसचा बॅकअप

या लेखातली एकच पायरी वाचायची झाली तर ही वाचा.

टेपवर काय आहे हे टेपला ठाऊक नसतं. कोणती फाइल, कोणत्या क्लायंटची, कितवी आवृत्ती, कोणत्या टेपवर कुठे, हे सगळं टीएसएमच्या डेटाबेसमध्ये असतं (आवृत्ती ६ पासून तो डीबी२ वर चालतो). डेटाबेस गेला आणि त्याचा बॅकअप नसला तर बाहेर सुखरूप ठेवलेल्या शंभर टेपांमधून एक फाइलसुद्धा काढता येत नाही. पत्त्यांची वही हरवल्यावर शहर जागच्या जागी असून उपयोग नसतो, तसं.

त्यामुळे क्रमाला महत्त्व येतं. पूलची प्रत घ्या, ती संपू द्या, मग डेटाबेसचा बॅकअप घ्या:

‘बॅकअप डीबी डेव्हक्लास=एलटीओक्लास टाइप=फुल’

उलट केलंत, म्हणजे डेटाबेस आधी आणि पूल नंतर, तर त्या बॅकअपमधल्या डेटाबेसला आजच्या प्रतींची माहितीच नसेल. टेप बाहेर आहे, तिच्यावर आजचा डेटाही आहे, पण परत उभा केलेला सर्व्हर तो ओळखणार नाही. लॉगमध्ये सगळं यशस्वी दिसतं, त्यामुळे ही चूक आपत्ती आल्याशिवाय कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

डेटाबेस बॅकअपबरोबर दोन छोट्या फाइली: ‘बॅकअप व्हॉलहिस्टरी’ आणि ‘बॅकअप डेव्हकॉन्फिग’. डेटाबेस कोणत्या टेपवर आहे ते पहिलीत असतं आणि लायब्ररी, ड्राइव्हची मांडणी दुसरीत. रिकाम्या मशीनवर डेटाबेस परत आणताना या दोन्ही लागतात, म्हणून त्या त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवून चालत नाही. दुसऱ्या ठिकाणी पाठवा, रोज.

एन्क्रिप्शन वापरत असाल तर किल्ल्यांचाही विचार करा. आवृत्ती ८.१ मध्ये ‘सेट डीबीरिकव्हरी’ला ‘प्रोटेक्टकीज’ आणि पासवर्ड देता येतो. त्यामुळे सर्व्हरची मुख्य किल्ली डेटाबेसच्या बॅकअपसोबत जाते. तो पासवर्ड संस्थेच्या तिजोरीत, एकापेक्षा जास्त माणसांना माहीत असलेल्या जागी हवा. एकाच प्रशासकाच्या डोक्यात असलेला पासवर्ड हरवलेलाच समजा.

आता रीयूजडिले. समजा डेटाबेसचे बॅकअप तुम्ही सात दिवस ठेवता. आज काही कारणाने पाच दिवसांपूर्वीचा डेटाबेस परत आणावा लागला. त्याच्या हिशेबाने एक फाइल सत्तावीस नंबरच्या टेपवर आहे. पण मधल्या पाच दिवसांत ती टेप रिकामी झाली, स्क्रॅचमध्ये गेली आणि तिच्यावर दुसरंच काही लिहिलं गेलं. फाइल गेली. रीयूजडिले सात असता तर रिकामी झालेली टेप ‘पेंडिंग’ अवस्थेत सात दिवस थांबली असती आणि आत सगळं जसंच्या तसं सापडलं असतं. म्हणून नियम असा: डेटाबेसचा सर्वात जुना बॅकअप जितके दिवस ठेवता, रीयूजडिले निदान तितका हवा. कॉपी पूलवर आणि टेपच्या प्रायमरी पूलवरही. जुने डेटाबेस बॅकअप ‘डिलीट व्हॉलहिस्टरी’ने काढत असाल किंवा डीआरएमच्या (आपत्तीनंतर सर्व्हर परत उभा करण्यासाठीची टीएसएममधली सोय) मुदतीने, आकडा तोच. कुणी तिथे सातचे चौदा केले तर इथेही चौदा करायला हवेत, आणि हे जोडून बदलायचं नेमकं कुणाला आठवत नाही. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी लिहून ठेवा.

८. टेप बाहेर पाठवा

सर्व्हर रूममध्येच ठेवलेली दुसरी प्रत टेप खराब होण्यापासून वाचवते, आगीपासून वाचवत नाही.

डीआरएम वापरत असाल तर ‘मूव्ह डीआरमीडिया’ने टेपांची अवस्था बदलते: माउंटेबल, नॉटमाउंटेबल, कुरिअर, व्हॉल्ट. परतीच्या वाटेवर व्हॉल्टरिट्रीव्ह, कुरिअररिट्रीव्ह, ऑनसाइटरिट्रीव्ह. डेटाबेस बॅकअपच्या टेपही याच फेरीत जायला हव्यात. त्या कोणत्याही पूलमध्ये नसल्याने हाताने यादी करणाऱ्यांकडून सुटतात. मग ‘प्रिपेअर’ चालवून रिकव्हरी प्लॅनची फाइल बनवा आणि ती सर्व्हरबाहेर पाठवा. डीआरएम नसेल तर ‘अपडेट व्हॉल्यूम’ला ‘ॲक्सेस=ऑफसाइट’ देऊन हेच हाताने करता येतं, फक्त शिस्त जास्त लागते.

बाहेरच्या टेपवरचा डेटा जुना होऊन एक्स्पायर होत राहतो आणि टेपा अर्ध्या रिकाम्या होतात. कॉपी पूलचं रिक्लेमेशन (अर्ध्या रिकाम्या टेपांवरचा उरलेला डेटा दुसरीकडे नेऊन त्या मोकळ्या करणं) न सांगितल्यास १०० टक्क्यांवर असतं, म्हणजे प्रत्यक्षात बंदच. ते चालवलंत तर सर्व्हर बाहेरची टेप मागवत नाही. तिच्यावरच्या जिवंत फाइली प्रायमरी पूलमधून वाचून नव्या कॉपी टेपवर लिहितो. ही सोय चांगली आहे, पण ड्राइव्ह बराच वेळ अडकतात. ‘ऑफसाइटरिक्लेमलिमिट’ देऊन एका वेळी थोड्याच टेपा घ्या.

९. वेळापत्रक बांधा

रोजचा क्रम असा ठेवा: क्लायंटचे बॅकअप, डिस्क पूलची प्रत, मग टेप पूलची, डेटाबेस, व्हॉलहिस्टरी, डेव्हकॉन्फिग, टेपांची अवस्था बदलून प्रिपेअर, मग मायग्रेशन, ‘एक्स्पायर इन्व्हेंटरी’ (मुदत संपलेल्या फाइलींच्या नोंदी काढणं) आणि शेवटी रिक्लेमेशन. मायग्रेशन प्रतीच्या आधी आलं तर डिस्कवरून टेपवर होणारं काम टेपवरून टेपवर होऊन बसतं, दुप्पट ड्राइव्ह खातं.

प्रत्येकाला वेगळं शेड्यूल देऊन ‘सहाला हे, आठला ते’ असं करू नका. ज्या दिवशी पहिलं काम लांबतं त्या दिवशी डेटाबेसचा बॅकअप पूलच्या प्रतीआधीच उरकतो आणि क्रम मोडतो. त्याऐवजी ‘डिफाइन स्क्रिप्ट’ने एक स्क्रिप्ट करा आणि ज्या आज्ञा ‘वेट=यस’ घेतात त्या प्रत्येकीला तो लावा, म्हणजे एक संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. मग त्या एका स्क्रिप्टचं प्रशासकीय शेड्यूल.

‘डिफाइन शेड्यूल’ला ‘टाइप=ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ दिल्यावर ‘ॲक्टिव्ह=यस’ही द्यावं लागतं. न दिल्यास शेड्यूल तयार होतं, यादीत दिसतं, आणि कधीच चालत नाही.

१०. परत आणून बघा

प्रायमरी टेप खराब झाली तर काय करायचं, हे शांतपणे आधीच करून बघा.

पहिली गोष्ट, काय करायचं नाही. खराब टेपवर ‘डिलीट व्हॉल्यूम’ आणि ‘डिस्कार्डडेटा=यस’ चालवायचं नाही. मनात येतं की टेप तर गेलीच, नोंद काढू आणि मग प्रतीवरून परत आणू. पण प्रायमरी व्हॉल्यूमवरच्या फाइली अशा पुसल्या की कॉपी पूलमधल्या त्यांच्या प्रतींच्या नोंदीही त्याबरोबर जातात. जी टेप वाचवायला सगळा खटाटोप केला, तिचीच दुसरी प्रत आपल्या हाताने घालवली जाते.

बरोबर रस्ता असा. ‘रिस्टोर व्हॉल्यूम’ आणि टेपचं नाव, पुढे ‘प्रिव्ह्यू=यस’. कोणत्या कॉपी टेपा लागतील ते कळतं. त्यातल्या बाहेर असलेल्या मागवा, लायब्ररीत चेकइन करा, त्यांचा ॲक्सेस ‘रीडओन्ली’ करा. मग प्रिव्ह्यूशिवाय तीच आज्ञा. सर्व्हर खराब टेप ‘डिस्ट्रॉइड’ म्हणून नोंदवतो, तिच्यावरच्या फाइली कॉपी टेपांवरून त्याच पूलच्या दुसऱ्या टेपांवर उभ्या करतो आणि सगळ्या परत आल्या की खराब टेपची नोंद स्वतःच काढून टाकतो. टेपा ठिकठिकाणी थोड्या थोड्या खराब असतील तर ‘रिस्टोर एसटीजीपूल’ डॅमेज्ड म्हणून नोंदलेल्या फाइली एकदम परत आणतो.

सरावासाठी खरी टेप खराब करायची गरज नाही. एखाद्या चाचणी क्लायंटची प्रायमरी टेप ‘अपडेट व्हॉल्यूम’ने ‘ॲक्सेस=अनअव्हेलेबल’ करा आणि क्लायंटकडून एक फाइल रिस्टोर करून बघा. कॉपी टेप लायब्ररीत असेल तर सर्व्हर तिच्यावरून फाइल देतो. झाल्यावर ॲक्सेस पुन्हा ‘रीडराइट’ करायला विसरू नका.

टेपवरच्या फाइली वाचता येतात का ते तपासणारी ‘ऑडिट व्हॉल्यूम’ वापरताना ‘फिक्स=नो’नेच सुरुवात करा. ‘फिक्स=यस’ असताना वाचता न आलेल्या फाइलची प्रत कॉपी पूलमध्ये असली तर ती डॅमेज्ड म्हणून नोंदली जाते; प्रत नसली तर तिची नोंदच डेटाबेसमधून जाते.

आणि कॉपी पूल कशापासून वाचवत नाही तेही माहीत असू द्या. एखाद्याने चुकीच्या क्लायंटवर ‘डिलीट फाइलस्पेस’ चालवलं, किंवा पॉलिसीतला दिवसांचा आकडा कमी केला आणि एक्स्पायरेशन धावलं, तर प्रायमरी आणि कॉपी दोन्हीतली नोंद एकदम जाते. टेपवर डेटा अजून असतो. तो मिळवायचा एकच मार्ग उरतो: आधीच्या दिवसाचा डेटाबेस परत आणणं. सातव्या पायरीतला रीयूजडिले पाळला असेल तर टेपा अजून पुसलेल्या नसतात. पण डेटाबेस मागे नेला की त्यानंतरचे सगळ्या क्लायंटचे बॅकअपही सर्व्हर विसरतो, म्हणून हा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही. शक्य असेल तर तो जुना डेटाबेस वेगळ्या चाचणी सर्व्हरवर उभा करून हवं तेवढं काढून घ्या.

कंटेनर पूल असतील तर

इथे ‘बॅकअप एसटीजीपूल’ऐवजी ‘प्रोटेक्ट एसटीजीपूल’. कंटेनर पूलमध्ये डेटा डीडुप्लिकेट होऊन, म्हणजे सारखे भाग एकदाच ठेवून, तुकड्यांत साठतो, आणि ही आज्ञा ते तुकडे दुसऱ्या टीएसएम सर्व्हरवरच्या कंटेनर पूलमध्ये किंवा त्याच सर्व्हरच्या कंटेनर कॉपी पूलमध्ये, म्हणजे टेपवर, नेते. क्लाउड कंटेनर पूलला ती लागू नाही.

दुसऱ्या सर्व्हरवर नेत असाल तर ‘प्रोटेक्ट एसटीजीपूल’ आधी आणि ‘रेप्लिकेट नोड’ नंतर. पहिलीने डेटा जातो, दुसरीने क्लायंटच्या फाइलींची माहिती. नुसतं प्रोटेक्ट करून थांबलात तर पलीकडे तुकडे आहेत पण त्यातून कुणाची फाइल बनते हे त्या सर्व्हरला कळत नाही, सातव्या पायरीतलाच प्रश्न वेगळ्या रूपात. खराबी आढळली तर ‘ऑडिट कंटेनर’ने शोधायची आणि ‘रिपेअर एसटीजीपूल’ने दुरुस्त करायची. यातही आधी प्रिव्ह्यू मिळतं, ते घ्या. रीयूजडिले कंटेनर पूललाही असतो आणि न बदलल्यास तो एकच दिवसाचा असतो. तोही डेटाबेस बॅकअपच्या आकड्याशी जुळवून त्याच कागदावर लिहा.